गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत बारीक जंत झाले तर

रात्री गुदद्वाराशी खाज आणि शौचात पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत दिसले, तर गोळीआधी स्वच्छता. मादी रात्री बाहेर येऊन त्वचेवर अंडी घालते, म्हणून सकाळी ती जागा धुणं सर्वांत महत्त्वाचं.

१. झोपताना घट्ट सुती चड्डी घाला. गुदद्वाराभोवती व्हॅसलीनचा थर लावा, खाज कमी होते.
२. उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, ती जागा धुवा. पोटामुळे हात पोचत नसेल तर जेट स्प्रे घ्या. धार पुढून मागे.
३. चड्डी रोज बदला. चादर झटकू नका, अंडी घरभर उडतात. गुंडाळून थेट गरम पाण्यात टाका.
४. नखं बारीक कापा, जेवणाआधी नखांखालूनही साबण फिरवा.

हे सलग ६ आठवडे, घरातल्या सगळ्यांनी. खाज थांबली म्हणून मध्येच सोडलं की उरलेल्या अंड्यांतून पुन्हा सुरुवात होते.

अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल ही जंतांची औषधं स्वतःहून घेऊ नका. ते डॉक्टर ठरवतील. आणि खाज तळहात-तळपायांना असेल, पुरळ नसेल, तर ती जंतांची नव्हे, यकृताची असू शकते: त्याच दिवशी दाखवा.