ब्राउझर वारंवार बंद पडत असेल, तर आधी प्रोफाइल बाजूला ठेवा

देवगडात माझे छोटे इंटरनेट सेवा केंद्र आहे. सातबारा काढायला, अर्ज भरायला किंवा आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी पाहायला येणारे बागायतदार अनेकदा आपला लॅपटॉपही सोबत आणतात आणि ब्राउझर उघडताच बंद होतो असे सांगतात. त्यांतील बहुतेकांनी तोपर्यंत ब्राउझर काढून पुन्हा टाकलेला असतो, कारण त्यांना सर्वांनी तोच सल्ला दिलेला असतो. हा सल्ला बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो. काढून टाकल्यावर जातो तो फक्त प्रोग्राम. बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग आणि एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक साधने) ज्या फोल्डरमध्ये असतात, ते प्रोफाइल जागच्या जागी राहते आणि नवा ब्राउझर तेच बिघडलेले प्रोफाइल पुन्हा उघडतो. क्रोम काढताना ब्राउझिंग डेटाही पुसायचा का, असे विचारले जाते. तिथे खूण केली तर दोष जाईल, पण त्याबरोबर पासवर्डही जातील.

सर्वप्रथम नेमके काय बंद पडते ते पाहावे. एकच टॅब कोसळत असेल आणि बाकीचे चालत असतील, तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाचा किंवा अपुऱ्या मेमरीचा असतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबल्यास कोणता टॅब किती मेमरी घेतो ते दिसते. संपूर्ण खिडकीच नाहीशी होत असेल, तर पुढे वाचावे.

क्रोमची इनकॉग्निटो खिडकी किंवा फायरफॉक्सच्या मदत मेनूतील ट्रबलशूट मोड उघडावा. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात, म्हणून तिथे ब्राउझर टिकला तर एक्स्टेन्शनवर संशय घ्यावा, नेहमीच्या खिडकीत अर्धी बंद करून पाहावीत आणि दोष ज्या अर्ध्यांत असेल त्यांची पुन्हा अर्धी करावीत. सेटिंगमधील ग्राफिक्स ॲक्सिलरेशनही एकदा बंद करून पाहावे. संगणकावर विंडोज ७ किंवा ८ असेल, तर क्रोमची १०९ ही त्यासाठीची शेवटची आवृत्ती आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज १० लागते.

एवढ्याने काम झाले नाही, तर प्रोफाइल बिघडले आहे असे मी धरतो. आमच्याकडे मृगाच्या पावसात दिवसातून अनेकदा लाइट जाते आणि यूपीएस नसलेला संगणक फाइल लिहिता लिहिता बंद होतो, तेव्हा असा बिघाड होण्याची शक्यता वाढते.

ब्राउझर दोन मिनिटे जरी उघडा राहत असला, तरी आधी पासवर्ड मॅनेजरमधून पासवर्ड एक्सपोर्ट करून घ्यावेत. ती फाइल कोणालाही वाचता येते, म्हणून काम झाल्यावर ती कायमची पुसावी. नंतर क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये रोमन लिपीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेषा आणि व्हर्जन असे लिहावे. उघडणाऱ्या पानावर प्रोफाइल पाथ दिसतो, तो टिपून घ्यावा. ब्राउझर तेवढाही टिकत नसेल, तर विंडोज आणि आर ही बटणे दाबून, लोकलॲपडेटा हा शब्द दोन टक्केचिन्हांच्या मध्ये रोमन लिपीत लिहावा. तिथून गूगल, क्रोम, यूजर डेटा असे आत गेल्यावर डिफॉल्ट नावाचा फोल्डर सापडतो.

आता टास्क मॅनेजर उघडून क्रोम खरोखर बंद झाला आहे याची खात्री करावी, कारण खिडकी मिटली तरी तो मागे चालू राहू शकतो. मग फक्त डिफॉल्ट या फोल्डरचे नाव बदलून त्यापुढे 'जुने' असे जोडावे. काहीही पुसू नये. क्रोम उघडला की नवे डिफॉल्ट आपोआप तयार होते.

इथे माझ्या हातून मोठी चूक झाली होती. ऐन हंगामात एका बागायतदाराच्या लॅपटॉपवर मी डिफॉल्टऐवजी संपूर्ण यूजर डेटा फोल्डर काढून टाकला आणि आधी बाजूला घेतलेली लॉगइन डेटा ही पासवर्डची फाइल नव्या फोल्डरात ठेवली. फाइल होती, पण पासवर्ड उघडेनात. ते उलगडणारी किल्ली लोकल स्टेट नावाच्या वेगळ्याच फाइलमध्ये असते, ती फाइल डिफॉल्टच्या बाहेर, यूजर डेटामध्ये असते, आणि ती मी पुसून बसलो होतो. त्यांनी सिंक, म्हणजे बुकमार्क-पासवर्ड गूगल खात्यातही जपण्याची सोय, सुरू केलेले नव्हते. ऑर्डरींच्या गर्दीत त्यांना प्रत्येक खात्याचा पासवर्ड नव्याने घ्यावा लागला. त्या दिवसापासून मी पुसत नाही, फक्त नाव बदलतो. फायरफॉक्सलाही हेच लागू आहे: लॉगिन्स (पासवर्ड) आणि की-फोर (त्यांची किल्ली) या दोन फाइली नेहमी जोडीनेच हलवाव्यात, एकटी लॉगिन्स कामाची नाही.

नव्या प्रोफाइलमध्ये ब्राउझर दिवसभर नीट चालला, तरच तो बंद करून जुन्या फोल्डरातून बुकमार्क्स ही फाइल आणावी आणि पुन्हा चालवून पाहावे. त्यानंतर, पासवर्ड एक्सपोर्ट करता आले नसतील, तर लॉगइन डेटा आणावी. सगळे एकदम आणल्यास दोष कशात होता ते कधीच कळत नाही. सिंक लगेच पूर्ण सुरू करू नये, कारण त्यासोबत जुनी एक्स्टेन्शन परत येतात आणि दोष त्यांतच असेल तर तोही परततो. आधी बुकमार्क आणि पासवर्ड एवढेच निवडावे.

नव्या प्रोफाइलमध्येही ब्राउझर कोसळत असेल आणि इतर प्रोग्रामही अधूनमधून बंद पडत असतील, तर मेमरी तपासावी. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक आहे, ते रात्री चालवावे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत रॅमच्या, म्हणजे याच मेमरीच्या, संपर्कपट्ट्या काळवंडतात. संगणकाची वायर काढून, रॅम बाहेर घेऊन, त्या पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्यावर चालू झालेले संगणक मी पाहिले आहेत. लॅपटॉप उघडण्याची सवय नसेल, तर ते काम जाणकाराकडून करून घ्यावे.

जुना फोल्डर किमान पंधरा दिवस तसाच राहू द्यावा.