पायथन, शेल, नोड: टेस्ट एकाच कमांडने

एका प्रोजेक्टमध्ये तीन भाषा, म्हणून टेस्ट चालवायला तीन कमांड? पर्ल या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणारं, टेस्ट चालवून निकाल दाखवणारं ‘प्रूव्ह’ वापरा. पर्ल लिहिता यायची गरज नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या स्वतःच्या, शेलमध्ये लिहिलेल्या टेस्टही त्याने चालवता येतात.

१. प्रत्येक टेस्ट फाइलने आधी एकूण टेस्ट छापाव्यात: तीन असतील तर एक, दोन टिंबं, तीन, इंग्रजी अंकांत. मग दर टेस्टला लहान इंग्रजी अक्षरांत ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ आणि क्रमांक. बस, एवढंच.
२. पहिल्या ओळीत शिबँग (फाइल कोणत्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणारी ओळ), फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॉट टी’, फाइल एक्झिक्युटेबल, म्हणजे चालवायची परवानगी असलेली. सगळ्या ‘टी’ फोल्डरमध्ये.
३. ‘प्रूव्ह’ला ‘एक्झेक’ पर्याय द्या, पुढे रिकामी अवतरणचिन्हं.

डीबगच्या ओळी मात्र हॅशने सुरू करा. चुकून ‘ओके’ने सुरू झालेली ओळ टेस्ट म्हणून मोजली जाते.