गेमिंग पीसीवर विंडोज ११ टाकायचं का? आधी बायोस बघा, मग ठरवा

विंडोज ११ टाकलं म्हणून एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाहीत. ज्या पीसीवर विंडोज १० नीट चालतंय, त्याच पीसीवर बहुतेक गेम ११ वरही जवळपास तेवढेच चालतात. अपवाद दोन. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच मॉडेलमध्ये एकाच प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोर आले. कुठलं काम कुठल्या कोरवर टाकायचं हे ११ ला जास्त चांगलं कळतं. दुसरा अपवाद एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ११ साठी एक सुधारणा दिली, तिचा फायदा नव्या रायझनना काही गेममध्ये दिसतो. तुमच्याकडे यातलं काही नसेल तर वेगासाठी अपग्रेड करू नका.

मग करायचं कशासाठी? विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, हे पहिलं कारण. ज्या पीसीवर स्टीमचं वॉलेट, यूपीआयला जोडलेला ईमेल आणि घरच्यांचं नेटबँकिंग आहे, तो कायमचा उघडा ठेवणं परवडत नाही. दुसरं कारण ड्रायव्हरचं. एनव्हिडियाने आरटीएक्स कार्डांसाठी विंडोज १० चे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६ पर्यंतच सांगितले आहेत. जीटीएक्स १०६० किंवा १०७० सारखं पास्कल कार्ड असेल तर मात्र ११ टाकूनही नव्या गेमचे ड्रायव्हर येणार नाहीत. त्यांचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला संपले, आता फक्त सुरक्षेचे येतात. १६५० आणि १६६० या यादीत नाहीत, ती कार्डं चालू आहेत.

तिसरा मुद्दा अँटी-चीट, म्हणजे गेममधली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही चालू असल्याशिवाय उघडत नाही, व्हॅन ९००१ किंवा ९००३ असा एरर देतो. बॅटलफिल्ड ६ ला सिक्युअर बूट लागतं, कॉल ऑफ ड्यूटी ब्लॅक ऑप्स ७ ला दोन्ही लागतात, मग विंडोज १० असो की ११. म्हणजे १० वर राहिलात तरी बायोसचं (मदरबोर्डमधलं, विंडोजच्या आधी चालू होणारं सॉफ्टवेअर) काम सुटत नाही. म्हणूनच क्रम असा ठेवा: आधी बायोस, मग विंडोज.

पीसी ११ च्या अटींत बसतो का ते बघा

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. 'स्पेसिफिकेशन व्हर्जन'समोर २.० दिसायला हवं. टीपीएम सापडलाच नाही असं आलं तर घाबरू नका, तो बहुतेक वेळा बायोसमध्ये बंद असतो. मग त्याच पद्धतीने एमएसइन्फो३२ उघडा आणि दोन ओळी बघा: 'बायोस मोड' लेगसी (जुनी पद्धत) आहे की यूईएफआय (नवी पद्धत), आणि 'सिक्युअर बूट स्टेट' चालू आहे की बंद.

प्रोसेसरची ढोबळ रेघ अशी: इंटेल आठव्या पिढीपासून पुढे, रायझन २००० मालिकेपासून पुढे. आय५-७४०० किंवा रायझन ५ १६०० बसत नाही. पण या दोघांचं पुढचं गणित वेगळं आहे. रायझन १६०० वाल्याकडे बी३५० किंवा ए३२० बोर्ड असेल, तर बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५५०० किंवा ५६०० बसण्याची चांगली शक्यता असते. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर 'सीपीयू सपोर्ट' यादी असते, त्यात तुमचा बोर्ड आणि कमीत कमी कुठला बायोस लागतो ते बघा. बायोस जुना प्रोसेसर लावलेला असतानाच अपडेट करायचा. आधी प्रोसेसर बदललात तर स्क्रीन काळीच राहील आणि जुना परत लावावा लागेल. इंटेलच्या सातव्या पिढीला ही सोय नाही. सॉकेटचं नाव सारखं असलं तरी आठवी पिढी जुन्या बोर्डावर चालत नाही, बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलावे लागतात. डीडीआर४ रॅम मात्र ठेवा आणि नवा बोर्ड डीडीआर४ चाच घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या भागांच्या बाजारात, जाणार असाल तर बोर्डाचा पूर्ण मॉडेल नंबर आणि रॅमचा स्टिकर मोबाइलवर फोटो काढून न्या. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि दुकानात नंबर आठवत नाही म्हणून हात हलवत परत यायचं, असं होऊ देऊ नका. टीपीएमची वेगळी चिप कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ११ ला चालणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रोसेसरमध्ये तो आतच असतो.

बायोस अपडेट: लाइट गेली तर काय

पावसाळ्यात हे काम ढगांचा गडगडाट चालू असताना करायचं नाही. बायोस लिहिला जात असताना लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो. काही बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, त्यांना वाचवता येतं. बाकीचे चिप प्रोग्रॅम करणाऱ्याकडे न्यावे लागतात. महावितरणकडे मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर ठरलेल्या दुरुस्तीचा मेसेज आधी येतो, तो बघून दिवस ठरवा. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या टॉवरमध्ये जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लाइट गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंत मध्ये काही सेकंद जातात आणि पीसी तेवढ्यात बंद पडतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस लावा. गेम चालू असताना तो पुरणार नाही, पण बायोस अपडेट करताना ग्राफिक्स कार्ड जवळजवळ मोकळंच असतं, त्यामुळे पुरतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर आधी भिंतीचा स्विच बंद करून पीसी तीन मिनिटं तरी चालतो का ते बघा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला, दोन्ही हवं.

बोर्डाच्या नावाबरोबर रिव्हिजनही बघा. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात 'रेव्ह १.०' किंवा '२.०' असं बारीक छापलेलं असतं, प्रत्येकाची फाइल वेगळी असते. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून त्यावर अनझिप केलेली फाइल टाका. रायझन ५००० किंवा त्याआधीच्या मालिकेचं असेल तर एजीसा (बायोसमधला एएमडीचा कोड) १.२.०.७ किंवा त्यापुढची आवृत्ती हवीच. त्याआधीच्या बायोसवर टीपीएम चालू केला की मधूनच एक-दोन सेकंद गेम आणि आवाज दोन्ही अडकायचे. एएमडीने २०२२ मध्ये हा दोष मान्य केला आणि या आवृत्तीत दुरुस्त केला.

सुरुवात करण्याआधी बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते सेटिंगमध्ये तपासा. चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहा आणि बिटलॉकर थोड्या वेळासाठी थांबवा. प्रोसेसर बदलल्यावर किंवा बायोस अपडेट केल्यावर काही रायझन बोर्डांवर काळ्या स्क्रीनवर प्रश्न येतो: टीपीएम रीसेट करायचा का, वाय की एन? ती की हातात नसताना वाय दाबलं आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली, तर डेटा गेलाच समजा.

आता चुकीचा दोष विंडोजवर येतो ती जागा. बायोस अपडेट झाला की सगळी सेटिंग मूळ पदावर येतात, एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) हेसुद्धा बंद होतं. ३२०० ची रॅम मग २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालते. त्यानंतर लगेच विंडोज ११ टाकलं, गेम चालवला, एफपीएस पडले, आणि माणूस म्हणतो ११ ने वाट लावली. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि 'स्पीड' बघा. अपडेटच्या आधी जो आकडा होता तो दिसत नसेल तर बायोसमध्ये एक्सएमपी परत चालू करा. पंख्यांचं सेटिंगही तेव्हाच परत लावून घ्या, नाहीतर उन्हाळ्यात पीसी तापतो.

डिस्क आणि सिक्युअर बूट

एमएसइन्फो३२ मध्ये 'लेगसी' दिसलं असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आहे. ती डेटा न पुसता जीपीटी या नव्या मांडणीची करता येते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी ही कमांड असते. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, कमांडला 'अलाऊ फुल ओएस' हा पर्याय जोडा, आधी 'व्हॅलिडेट' चालवा, ते यशस्वी झालं तरच 'कन्व्हर्ट'. व्हॅलिडेट फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असणं. जुन्या असेंबल पीसीत सी, डी, ई आणि वर रिकव्हरी असं असतं. एक पार्टिशन रिकामं करून काढावं लागतं. बॅकअप आधी घ्याच.

क्रम चुकवू नका. डिस्क जीपीटी झाल्यावरच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने बूट करू देणारं सेटिंग) बंद करा. उलटं केलं तर बूट डिस्क मिळत नाही असा मेसेज येतो. तसं झालं तर सीएसएम परत चालू करा, काही बिघडलेलं नसतं. सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनच आली नाही तर ग्राफिक्स कार्ड फार जुनं आहे, त्याच्या बायोसमध्ये यूईएफआय नाही. बोर्डावरचा सेल काढून किंवा क्लिअर सीमॉसने बायोस मूळ पदावर आणा.

टीपीएमचं नाव इंटेल बोर्डावर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम असतं. एमएसआयच्या बोर्डावर ते 'सिक्युरिटी डिव्हाइस सपोर्ट'खाली मिळेल. सिक्युअर बूट चालू करूनही विंडोजमध्ये बंदच दिसत असेल तर किल्ल्या भरलेल्या नसतात. बायोसमध्ये 'रिस्टोर फॅक्टरी कीज' किंवा 'इन्स्टॉल डिफॉल्ट कीज' दाबा, सेव्ह करा, पुन्हा तपासा.

विंडोज टाकताना

आधी मोजमाप करा. रोज खेळता त्यातले दोन गेम, त्यांचा स्वतःचा बेंचमार्क किंवा ठरलेला एकच सीन, तीन वेळा चालवा. सरासरी एफपीएस आणि वन पर्सेंट लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा एफपीएस), दोन्ही लिहून ठेवा. नंतर 'हळू वाटतंय' यावर वाद घालायला काही उरत नाही.

सी ड्राइव्हवर ४० जीबी तरी मोकळी ठेवा. गेमचे सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स', 'सेव्ह्ड गेम्स' आणि अॅपडेटामध्ये विखुरलेले असतात, ते तिन्ही पेनड्राइव्हवर घ्या. मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलेशन असिस्टंट चालवा. विंडोज १० खऱ्या लायसन्सवर असेल तर ११ फुकट चालू होतं. 'विंडोज मारून देतो' म्हणून पाचशे रुपये घेणारा अॅक्टिव्हेटर टाकून देत असेल तर नको म्हणा. तो टाकताना अँटीव्हायरस बंद करावा लागतो, आणि आत काय आलं ते कळत नाही.

वरून अपग्रेड करायचं की सगळं पुसून नव्याने? विंडोज वर्षानुवर्षं तेच असेल आणि तीन ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर त्यावर येऊन गेले असतील, तर नव्याने टाका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मीडिया क्रिएशन टूल पुरतं. डी ड्राइव्हवरचे स्टीमचे गेम परत डाउनलोड करायची गरज नाही, स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमध्ये तो फोल्डर जोडला की सगळे दिसतात. फक्त इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन निवडताना डीवर बोट पडू देऊ नका. दोन डिस्क असतील तर दुसरीची केबल काढूनच बसा.

नंतरची कामं

चिपसेट ड्रायव्हर, मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर, याच क्रमाने. डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा. १४४ किंवा १६५ चा मॉनिटर अनेकदा गुपचूप ६० वर गेलेला असतो.

'कोअर आयसोलेशन'मधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय नव्याने टाकलेल्या ११ वर बहुधा चालू असते. तिचा भार इंटेलच्या सातव्या पिढीपासून आणि रायझन ३००० च्या डेस्कटॉप प्रोसेसरपासून कमी लागतो, कारण त्यांच्यात त्यासाठी हार्डवेअरची सोय आहे. रायझन ५ २६०० मध्ये ती सोय नाही, त्यामुळे त्यावर वन पर्सेंट लो खाली येऊ शकतो. बंद केल्याने वेग मिळतो हे मायक्रोसॉफ्टही मान्य करतं, पण सुरक्षा तेवढी कमी होते. आमचं मत: २६०० वाल्याने आधी मोजावं, फरक डोळ्याला दिसत असेल तरच बंद करावी. क्रॅक केलेले गेम किंवा मॉड कुठूनही उतरवत असाल तर ती चालूच राहू द्या.

ज्यांचा पीसी बसत नाही आणि नवा घ्यायला आत्ता पैसे नाहीत, त्यांच्यासाठी विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज अपडेटच्या पानावर 'एन्रोल' असं येतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंगचा बॅकअप चालू केला की ती फुकट मिळते, पैसे भरायची गरज नाही. आईवडिलांनी घेऊन दिलेला पीसी असेल तर हा वेळ पैसे साठवायला वापरा, घाईने हप्त्यावर काही घेऊ नका. नियम डावलून ११ टाकायचे मार्ग नेटवर भरपूर सापडतील, पण टीपीएम नसेल तर व्हॅलोरंट त्यावर उघडणारच नाही, आणि दर वर्षीचं मोठं अपडेट पुन्हा हाताने टाकावं लागेल. फक्त ऑफलाइन, कथेचे गेम खेळणाऱ्यांना लिनक्सवर स्टीमच्या प्रोटॉनने (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) बरंच चालवता येतं. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट मात्र तिथे चालत नाहीत.

वरून अपग्रेड केलं असेल तर मागे जायला फक्त १० दिवस मिळतात. डीआयएसएम कमांडने पहिल्याच दिवशी ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. त्या काळात डिस्क क्लीनअप चालवू नका, जुनं विंडोज त्यातच पुसलं जातं. लिहून ठेवलेले आकडे पुन्हा मोजून जुळले, आठवडाभर गेम अडकला नाही, की मग स्टोरेजमधल्या 'टेम्पररी फाइल्स'मध्ये जाऊन आधीचं विंडोज काढून टाका. सीवरची बरीच जागा मोकळी होते.