पत्ते कुटून पोट भरतं का?

तोक्योत आल्यावर दुसऱ्या वर्षी, गणपतीत फोनवर बोलताना आईला सांगून टाकलं की शनिवार-रविवार मी कार्ड गेमच्या स्पर्धा खेळतो आणि जमलं तर त्यातच काहीतरी करीन म्हणतोय. ती म्हणाली, "पत्ते कुटायला गेलास होय जपानला?" मागून बाबांचा आवाज आला, "पैसे लावून का?" दोन्ही प्रश्न रास्त होते. उत्तरं मात्र तेव्हा माझ्याकडे नव्हती, आता थोडीफार आहेत. पुण्यात जपानी शिकणारी मुलं अधूनमधून हेच विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

खेळ 'मॅजिक: द गॅदरिंग', अमेरिकेत १९९३ साली निघालेला. रमीसारखा सगळ्यांचा मिळून एक कॅट नसतो. प्रत्येक जण किमान ६० पत्त्यांचा आपापला डेक घरून बांधून आणतो, त्यामुळे निम्मा खेळ टेबलाशी बसण्याआधीच झालेला असतो. मी बऱ्याचदा तिथेच हरलेलो असतो.

जपानी खेळाडूंचा दबदबा खराच आहे. २००४ मध्ये मासाशी कुरोदा कोबेची प्रो टूर, म्हणजे या खेळातली सगळ्यात वरची व्यावसायिक स्पर्धा, जिंकला. ती जिंकणारा तो पहिला जपानी. मग २००५ ते २००९ सलग पाच वर्षं 'प्लेयर ऑफ द इयर' जपानीच: केन्जी त्सुमुरा, शोता यासोओका, तोमोहारु साइतो, शुहेइ नाकामुरा, युया वातानाबे. ही यादी वाचली की डोक्यात हवा जाते आणि वाटतं, या देशात हा पगारी पेशाच असणार.

पगार असा एकदाच आला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये जगभरातल्या ३२ खेळाडूंची लीग जाहीर झाली, प्रत्येकाला ७५ हजार डॉलरचा करार. त्यात जपानीही होते. २०२१ च्या मे महिन्यात लीग बंद होणार असल्याचं कळलं. म्हणजे ज्याने ते पाहून नोकरी सोडली असेल, त्याला अडीच वर्षं मिळाली.

उरतं बक्षीस. २०२३ मध्ये प्रो टूर परत सुरू झाली तेव्हा एका स्पर्धेची एकूण रक्कम ५ लाख डॉलर, त्यातले ५० हजार पहिल्याला. खेळायला शेकडो जण, आणि खाली सरकाल तशी रक्कम झपाझप आटते. आपल्या कुस्तीच्या फडात शेवटच्या कुस्तीचा इनाम मोठा आणि बाकीच्यांना नारळ, तसंच काहीसं.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, पैसे लावून नाही. खेळणाऱ्यांच्या प्रवेश फीमधून बक्षीस काढलं तर इथे तो जुगार ठरू शकतो, म्हणून आयोजक दोन्ही हिशेब वेगळे ठेवतात. शिवाय माल खपवायला ठेवलेल्या बक्षिसांवर १९६२ च्या कायद्याची मर्यादा आहे: खरेदीच्या २० पट किंवा १ लाख येन, यातली कमी असेल ती. २०१८ च्या अखेरीस 'शॅडोव्हर्स' या डिजिटल कार्ड गेममध्ये विजेत्याला १० लाख डॉलर मिळाले, तेव्हा या कायद्याची चर्चा इथे आधीच तापलेली होती.

मग हे लोक खातात काय? पत्त्यांच्या आजूबाजूचं काम. डेकवर लेख लिहिणं, स्ट्रीमिंग, समालोचन, शिकवण्या, दुकानात नोकरी. साइतोने तर पत्त्यांचं दुकानच काढलं, तोक्योतल्या ताकादानोबाबाचं 'हारेरुया'. नावात श्लेष आहे: 'आभाळ निरभ्र होणं' आणि हालेलुया. माझ्या निशी-कासाईपासून मेट्रोच्या तोझाई लाईनने गाडी न बदलता अर्ध्या तासात पोचतो. घर मी दुकान पाहून घेतलेलं नाही, पण बायकोला ते पटत नाही.

नवख्याने अभ्यास करायचा तर युता ताकाहाशीचा करावा. परी जातीच्या पत्त्यांच्या डेकसाठी ओळखला जाणारा हा खेळाडू २०२१ च्या जागतिक स्पर्धेत पहिले तिन्ही सामने हरला. खेळणारे सोळा, स्पर्धा ऑनलाइन. तिथून पुढे एकही सामना न गमावता तो विश्वविजेता झाला आणि ७० हजार डॉलर घेऊन गेला. २०२३ मध्ये त्याच्या चेहऱ्याचा पत्ता छापला गेला, 'फेअरी (परी) मास्टरमाइंड'. लोक त्या पत्त्याचं कौतुक करतात. मला त्या तीन पराभवांनंतरचा चौथा सामना खेळायला बसलेला माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो.

या खेळाची इथली भाषा कळायला एन-टू, म्हणजे जपानीच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी, पुरत नाही. 'हितोरीमावाशी' म्हणजे एकट्याने डेक पुन्हापुन्हा वाटून पाहणं. 'कानक्यो' शब्दकोशात पर्यावरण, पण इथे सध्या कोणते डेक चालताहेत ते. आणि 'पुरेमि', म्हणजे खेळण्यातली चूक. जपानी मुलं सामना जिंकल्यावरही पुरेमि कुठे झाली ते बोलत बसतात. आपण जिंकल्यावर चहा सांगतो.

माझी सगळ्यात महाग चूक खेळातली नव्हतीच. एका पात्रता स्पर्धेत पाचव्या फेरीत समोर पन्नाशीचे गृहस्थ, ऑफिसचा सूट, पत्ते पिसताना बोटं बघत राहावीत अशी. दोघांनी वाकून "योरोशिकु ओनेगाइशिमासु" (सुरुवातीचा नमस्कार) म्हटलं, तेवढ्यात जज माझा कागद घेऊन आला. मी लिहून दिलेल्या यादीची बेरीज ५९ होती. डेकमध्ये ६० पत्ते होते, यादीत एका ओळीत ४ ऐवजी ३ लिहिले होते. त्या एका आकड्यापायी पहिला डाव न खेळताच गेला. समोरचे गृहस्थच "सुमिमासेन" (माफ करा) म्हणत राहिले, जणू ती यादी त्यांनी लिहिली होती. दुसरा डाव त्यांनी दहा मिनिटांत संपवला. तेव्हापासून मी यादीची बेरीज दोनदा करतो, एकदा वरून आणि एकदा खालून.

स्लीव्हचंही, म्हणजे पत्त्यांवर चढवायच्या प्लास्टिकच्या पाकिटांचंही, तेच. प्रत्येक स्पर्धेला नवी घ्या, कोपरे तपासा. २०१९ मध्ये लंडनच्या मोठ्या स्पर्धेत अव्वल आठात पोचलेला एक नामवंत जपानी खेळाडू स्लीव्हवरच्या खुणांवरून बाद झाला होता. तुमचा हेतू शुद्ध असला तरी वाकलेला कोपरा ती ग्वाही देत नाही.

वाट साधी आहे, चालायला लांब. दुकानातल्या पात्रता फेरीतून जपानच्या 'चॅम्पियन्स कप फायनल'ला, तिथे वरच्या क्रमांकात आलात तर प्रो टूर. मी फायनलला दोनदा पोचलो, पुढे नाही. फायनल नागोयाला असली तर तोक्योहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) एका बाजूचे ११ हजार येन जातात, हॉटेल वेगळं. सुरुवातीला नवे पत्ते विकत घेत सुटू नका. एकच डेक घ्या, शंभर सामने होईपर्यंत बदलू नका.

शेवटी कागदपत्रं, कारण ती कोणी सांगत नाही. पगारदाराचं बाहेरचं उत्पन्न वर्षाला २ लाख येनांच्या वर गेलं तर स्वतः कर विवरण भरावं लागतं. कंपनीच्या नियमात जोडधंद्याला परवानगी आहे का ते बघा. आणि नोकरीच्या व्हिसावर असाल तर लेखाचे किंवा शिकवणीचे पैसे घेण्याआधी इमिग्रेशनकडून वेगळी परवानगी काढा. मी आधी लेख लिहिला आणि मग हे वाचलं. पाच हजार येन मिळायचे होते. अर्ज केला, परवानगी यायला काही आठवडे गेले. तोवर नव्या पत्त्यांचा संच बाजारात आला, माझा डेक कानक्योतून बाद झाला आणि संपादकाने नम्रपणे कळवलं की आता हा लेख कोणी वाचणार नाही.