गिऱ्हाईक कुठून आलं ते ओळखा, पण दार लावू नका

सदाशिव पेठेतल्या माझ्या मावशीची फराळाची साइट मी सांभाळतो. दिवाळी जवळ आली की पुण्यात घरपोच चिवडा-चकली मागवणारे येतात आणि परदेशात बसून डबा मागवणारेही. दोघांचे दर वेगळे, कुरिअरची मुदत वेगळी. त्यामुळे कोण कुठून आलं ते सर्व्हरनंच ओळखून योग्य पान दाखवावं, अशी सोय केली.

सर्व्हरवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि इंजिनएक्स (साइटची पानं पाठवणारं सॉफ्टवेअर) असेल, तर आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कनेक्शनच्या पत्त्यावरून, देश ओळखणारं जिओआयपी२ मॉड्यूल पॅकेजमधूनच मिळतं. सोबत मॅक्समाइंड कंपनीचा जिओलाइट२ कंट्री डेटाबेस, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या देशाचा याची यादी, लागतो. तो फुकट आहे, पण २०१९च्या अखेरीपासून खातं उघडून लायसन्स की घ्यावी लागते. आयपी पत्ते हात बदलत राहतात, म्हणून डेटाबेस ताजा करणारा जिओआयपीअपडेट हा प्रोग्रॅम क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) आठवड्यातून दोनदा लावा. शहराच्या डेटाबेसच्या नादी लागू नका. मोबाइलवरचा कोथरूडकर त्यात मुंबईचा दिसू शकतो.

इंजिनएक्सच्या कॉन्फिग फाइलमधल्या एचटीटीपी ब्लॉकमध्ये डेटाबेसच्या फाइलचा पाथ द्या आणि देशाचा दोन अक्षरी कोड एका व्हेरिएबलमध्ये घ्या. त्याखाली मॅप, म्हणजे कोडवरून निकाल ठरवणारा तक्ता, लिहा: कोड 'आयएन' असेल तर देशी, रिकामा असेल तरी देशी, बाकी परदेशी. रिकाम्याची ओळ हवीच, कारण १९२.१६८ने सुरू होणारा घरचा पत्ता डेटाबेसमध्ये सापडतच नाही. साइटच्या पुढे सीडीएन (गिऱ्हाईक आणि सर्व्हर यांच्या मधे राहून पानं पोचवणारी सेवा) असेल तर गिऱ्हाइकाचा खरा पत्ता मिळवून देणारं रिअल आयपी मॉड्यूल आधी लावा, नाहीतर प्रत्येक गिऱ्हाईक सीडीएनच्या पत्त्यावरून आलेलं दिसेल.

आता आठवडाभर कुणालाही दुसऱ्या पानावर वळवू नका, कोड फक्त लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, लिहू द्या. माझ्या लॉगमध्ये दुपारी अमेरिका आणि जर्मनीहून ऑर्डरी दिसत होत्या, आणि डिलिव्हरीचा पत्ता हिंजवडी, वाकड. ऑफिसच्या व्हीपीएनवरून, म्हणजे कंपनीच्या परदेशातल्या नेटवर्कमधून, साइट उघडणारी आपलीच माणसं ती! तेव्हापासून मी कुणाला अडवत नाही, फक्त वळवतो. परदेशाच्या पानावर अगदी वर 'पुण्यात डिलिव्हरी हवी आहे' अशी लिंक आहे. ती दाबली की निवड कुकीत (ब्राउझरमध्ये साठणारी छोटी नोंद) राहते आणि सर्व्हर देशाच्या आधी कुकी बघतो.

वळवताना सर्व्हरचा ३०२ (तात्पुरतं वळवण्याचा) कोड वापरा, ३०१ (कायमचं वळवण्याचा) नको. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. न्यू जर्सीचा मुलगा दिवाळीला घरी येऊन लॅपटॉप उघडतो, तर समोर तेच डॉलरचं पान.

परदेशातून बंद ठेवायची जागा एकच: ॲडमिनचं लॉगिन. कॉन्फिगमधल्या त्या लोकेशनपुरतं, म्हणजे त्या पत्त्यापुरतं, ४०३ (प्रवेश नाही) द्या. पहिल्या वर्षी गणपतीत मी हाच नियम अख्ख्या सर्व्हर ब्लॉकवर, म्हणजे पूर्ण साइटवर, लावला होता. साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट फुकट देणारं लेट्स एन्क्रिप्ट डोमेनची खात्री जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून करून घेतं, ते माझ्या नियमानं अडलं. सर्टिफिकेटचं नूतनीकरण गुपचूप फसत राहिलं आणि वसुबारसेच्या सकाळी साइट असुरक्षित दिसू लागली. मावशीचा फोन आला तेव्हा कढईत चकल्या होत्या आणि मागून तळणीचा आवाज येत होता. शोधासाठी साइट वाचून जाणारा गूगलचा बॉटही मुख्यतः अमेरिकेतून येतो, तोही त्या नियमानं बाहेर राहिला असता.

कॉन्फिगची चाचणी घ्या, मग रीलोड करा. शेवटी परदेशातल्या नात्यातल्या कुणाला तरी साइट उघडून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. मी मामेबहिणीला सांगतो. वेळेच्या फरकामुळे तिचं उत्तर रात्री उशिरा येतं, पण त्याआधी मी नियम पक्का धरत नाही.