या चुका टाळा: मॉनिटरवरची रेघ म्हणजे हृदयाचा ठोका नव्हे

मॉनिटरवर रेघ उड्या मारत असते आणि नर्सिंगचा विद्यार्थी म्हणतो, "मॅडम, हार्ट चालू आहे." मी दर वर्षी एकच विचारते, "नाडी पाहिलीस का?"

मॉनिटर दाखवतो ती हृदयातली वीज. रक्त पुढे ढकलतो तो स्नायू. खूप रक्तस्राव झाला असेल किंवा हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचून ते दाबलं गेलं असेल, तर रेघ बऱ्यापैकी नीट दिसते आणि मानेतली नाडी मात्र लागत नाही. अशा वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त नाडी शोधत बसू नका. छाती दाबायला सुरुवात करा आणि मदत बोलवा. इथे छातीवर विजेचा शॉक देण्याचा उपयोग नाही, कारण बिघाड विजेचा नाहीच. अगदी सपाट रेघेलाही शॉक देत नाहीत. शॉक लागतो तो निलयांमध्ये, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये, विजेचा गोंधळ माजून ती नुसती थरथरत असतात तेव्हा. तो गोंधळ एका झटक्यात थांबवला की हृदयाच्या मूळ पेसमेकरला, म्हणजे ठोक्याची लय ठरवणाऱ्या पेशींना, पुन्हा सूत्रं हाती घेता येतात.

याच्या उलट चूक घरोघरी होते. "ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे हृदय ठणठणीत." ईसीजीवरून लय कळते, पण स्नायूत जोर किती आहे ते कळेलच असं नाही. डावं निलय भरतं तेव्हा त्यात साधारण 120 मिलिलिटर रक्त असतं, त्यातलं 70 च्या आसपास एका ठोक्याला बाहेर पडतं. हे प्रमाण घसरलंय का, ते टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसतं. चालताना धाप लागत असेल, पायांवर सूज येत असेल, तर नुसत्या ईसीजीच्या कागदावर समाधान मानू नका.

"वीज वायरीतून धावते तशी हृदयातून धावते" हे वाक्य मी उत्तरपत्रिकेत लाल शाईने खोडते. बांधकामावर घमेली हातोहात पुढे जातात ना, तसा एक पेशी पुढच्या पेशीला संदेश देते. त्यासाठी सोडियम, कॅल्शियमचे आयन पेशीच्या आत शिरतात, आणि आत आलेलं कॅल्शियमच स्नायूला आकुंचन पावायला लावतं. वीज आणि पंप यांना जोडणारा दुवा तो हाच. तो समजला नाही तर पुढचं सगळं पाठांतर होतं.

अलिंदं (वरचे कप्पे) आणि निलयं यांच्यामधल्या एव्ही नोड या पेशींच्या गाठीपाशी संदेश सुमारे 0.1 सेकंद रेंगाळतो. मुलं तो दोष समजतात. खरं तर तेवढ्या उसंतीत वरची अलिंदं आपलं रक्त खालच्या निलयांत रिकामं करतात. तिथून संदेश आधी हृदयाच्या टोकाकडे जातो, कारण रक्त बाहेर जायच्या वाटा निलयांच्या वरच्या बाजूला आहेत. आकृतीत बाण वरून खाली पिळवटणारे काढू नका.

लब-डब हा स्नायूचा आवाज नव्हे, तो झडपा मिटण्याचा. आणि ईसीजीवरची टी लाट (निलयांतली वीज पूर्ववत होताना उमटणारी) सुरू झाली म्हणजे निलय सैल पडलं असंही नाही. ती लाट उमटत असताना रक्त अजून बाहेर पडतच असतं.

आता नाडी मोजण्याबद्दल. अंगठा वापरू नका, त्यात स्वतःचीच नाडी जाणवते. 15 सेकंद मोजून चारने गुणायचं, हे लय नियमित असेल तरच चालतं. ठोके आगेमागे पडत असतील तर पूर्ण मिनिट मोजा. अलिंदं थरथरत असतात तेव्हा काही ठोके इतके घाईने पडतात की निलय भरायला वेळच मिळत नाही आणि त्यांची लाट मनगटापर्यंत पोचत नाही. म्हणून त्याच मिनिटात दुसऱ्या कोणाला तरी स्टेथोस्कोप छातीवर ठेवून ठोके मोजायला सांगा. छातीवर 110 आणि मनगटावर 84 आले, तर कोणाचं तरी चुकलं असं समजून एक आकडा खोडू नका. दोन्ही आकडे वेळेसकट चार्टवर लिहा.