वाइन द्राक्षांचं गणित कुठे बिघडतं? या चुका टाळा

नाशिक-दिंडोरीकडे वाइनच्या बागेत तोटा आला की दोष काढणीच्या तोंडावर आलेल्या पावसाला दिला जातो. खरं नुकसान मात्र अनेकदा त्याआधीच्या मे-जूनमध्येच झालेलं असतं.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे जुन्या काड्या छाटून नवी फूट घेतल्यावर, साधारण 40 ते 60 दिवसांत काडीच्या डोळ्यात (कळीत) पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. त्याला ऊन लागतं. 2025 मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, आभाळ हटेना, आणि फळछाटणीनंतर (घड घेण्यासाठी पुढे केलेल्या दुसऱ्या छाटणीनंतर) कित्येक बागांत घडांऐवजी नुसता पाला फुटला. तोवर मजुरी, खतं, औषधं यांचा पैसा जमिनीत गेलेला. म्हणून काडी न तपासता फळछाटणी करणं ही मला सगळ्यात महागडी चूक वाटते. बागेच्या वेगवेगळ्या भागांतल्या काड्या प्रयोगशाळेत द्या, घड कितव्या डोळ्यावर आहे ते समजून घ्या आणि मगच कात्री लावा. घडच नसतील तर त्या प्लॉटचा खर्च वेळीच आवरता येतो. मे-जूनमध्ये आभाळ दिसलं की नत्र आणि पाणी कमी करा, फुटींची विरळणी करून डोळ्यांपर्यंत उजेड पोचू द्या.

सगळी बाग एकाच तारखेला छाटू नका. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाड भागात गारपीट झाली, तेव्हा प्लॉट कोणत्या अवस्थेत आहे यावर नुकसान ठरलं. छाटणी टप्प्याटप्प्याने केली की धोका विभागला जातो. फक्त तारखा वायनरीशी, म्हणजे माल घेणाऱ्या वाइन कारखान्याशी, आधी बोलून ठरवा.

फक्त ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापावर, डोळा ठेवणं हीही चूकच. फेब्रुवारी तापला, रात्रीही उकाडा राहिला की साखर झपाट्याने चढते आणि आम्लता उतरते. सॉव्हिन्यो ब्लांसारख्या पांढऱ्या जातीला हे फार बाधतं. साखरेबरोबर पीएच आणि आम्लताही मोजा, तोडणी पहाटे उरका. वायनरीने नाकारलेला माल खाण्याच्या बाजारात खपत नाही, मणी बारीक आणि बियांचे असतात. त्यामुळे पावसाने माल खराब झाला तर दर कसा धरायचा, हे करारातच लिहून घ्या.

विम्याबद्दल एकच सांगतो. गारपीट सोडली तर फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, तुमच्या बागेतल्या नुकसानीवर नाही. गारपिटीसाठी जादा हप्ता भरावा लागतो. अर्ज करताना तो भरलाय ना, हे पावतीवर पाहून घ्या.